लायसन्स आहे, पण गाडी येत नाही: पुन्हा क्लास लावायचा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ४३, राहणं पुण्यात सहकारनगरला. २०११ साली क्लास लावून लायसन्स काढलं, त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही. दारात वॅगनआर उभी आहे, गिअरची. रविवारी नवरा शिकवायला नेतो आणि अर्ध्या तासात भांडून दोघं परत येतात. आता आईचं डायलिसिस सुरू झालंय, आठवड्यातून दोनदा न्यावं लागतं आणि वेळेला रिक्षा मिळत नाही. पुन्हा क्लास लावू का? किती दिवसांचा? की सरळ ऑटोमॅटिक घेऊ?

ताई, आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. क्लास लावा. पण "पंधरा दिवस, रोज पाच किलोमीटर" हे पॅकेज पुन्हा घेऊ नका. दहा-बारा तास बोलून घ्या आणि त्यातले निम्मे तुमच्या स्वतःच्या वॅगनआरवर हवेत असं आधीच ठरवा. ऑटोमॅटिक आत्ता नको. मिस्टरांना तूर्त गाडीतून खाली उतरवा. त्यांचं काम आहे, पण ते नंतर.

लायसन्सची काळजी करू नका. २०११चं म्हणजे जुन्या नियमाचं, २० वर्षं किंवा वयाची ५० पूर्ण, जे आधी येईल ते. तुमचं २०३१पर्यंत चालायला हवं, तरी कार्डावरची तारीख एकदा बघा. त्यामुळे नव्याने लर्निंग काढायची भानगड नाही. ज्यांचं नव्याने आहे त्यांच्यासाठी सांगतो, लर्निंग सहा महिने चालतं आणि ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्याची टेस्ट देता येत नाही. एल बोर्डाची तुम्हाला सक्ती नाही, पण लावा. मागचा माणूस हॉर्न वाजवायचा थांबत नाही, हे पुणं आहे. पण अंतर ठेवतो. आणि बोर्ड नीट लावा, नियमात १८ सेंटिमीटरचा चौकोन सांगितलाय, त्यावर लाल एल. टिकलीएवढं स्टिकर चिकटवून उपयोग नाही.

आता खरा मुद्दा. २०११ साली तुम्ही पंधरा दिवस गाडी चालवलीत, टेस्ट पास झालात आणि तरी गाडी येत नाही. असं का? याला तुमची भीती किंवा वय कारणीभूत नाही. त्या पंधरा दिवसांत गाडी किती वेळा बंद पडली ते आठवा. एकदाही नाही ना? मग ती तुम्ही चालवलीच नव्हती. शिकवणाऱ्याच्या पायांनी चालली होती.

क्लासच्या गाडीत डावीकडे शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो. शिकणाऱ्याने क्लच पटकन सोडला की मास्तर आपला क्लच हळूच दाबतो. गचका बसत नाही, गाडी बंद पडत नाही, मागून शिव्या येत नाहीत. शिकणाऱ्याला वाटतं, जमलं! सिग्नलला ब्रेक उशिरा लागला की मास्तरचा पाय आधीच तिथे असतो. वळणावर स्टिअरिंग कमी कापलं की त्याचा उजवा हात येतो आणि चाक फिरवून जातो. तो काही फसवत नसतो. त्याला गाडी जपायची असते, दिवसाला दहा-बारा जण उरकायचे असतात, आणि तुम्ही खूश राहिलात तर तुमची नणंदही त्याच्याकडेच येते. पण शिकतो फक्त त्याचा पाय.

हे मी वरून सांगत नाही, मीही हेच केलंय. गाडी शिकवायच्या या धंद्यात २४ वर्षं झाली. सुरुवातीच्या काळात बँकेत नोकरी करणाऱ्या एक ताई माझ्याकडे होत्या. शांत, हुशार, पंधरा दिवसांत टेस्ट पास, घरी पेढे घेऊन आल्या. आठवड्याने त्यांचा फोन आला. कोथरूडकडून चांदणी चौकाचा चढ चढताना ट्रॅफिकमध्ये उभ्या होत्या. "सर, गाडी मागे येतेय." मागे बस होती. मी फोनवर ओरडतोय, "हँडब्रेक ओढा, हँडब्रेक!" आणि त्या विचारतायत, "हँडब्रेक कुठला?" पंधरा दिवसांत त्यांना एकदाही हँडब्रेक ओढावा लागला नव्हता, कारण चढावर गाडी धरून ठेवायचं काम माझा पाय करत होता. बसवाला खाली उतरला, त्यानेच गाडी वर काढून दिली. काही झालं नाही. पण त्या ताईंनी वर्षभराने ती गाडी विकली, हे मला नंतर कळलं.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. पाचव्या दिवसानंतर माझे दोन्ही पाय सीटखाली ओढलेले असतात आणि ते शिकणाऱ्याला दिसले पाहिजेत. ब्रेक लागलाच तर मी मारतो, पण मारला की तोंडाने सांगतो, "हा मी मारला." तुम्ही ज्या कुणाकडे जाल त्याला हे पहिल्या दिवशीच सांगा. "पाय लावलात तर मला सांगा." चांगला मास्तर असेल तर हसेल आणि हो म्हणेल. जो म्हणेल "मॅडम तुम्ही टेन्शन घेऊ नका, मी आहे ना", त्याच्याकडे जाऊ नका. तो आहे, हाच तर प्रॉब्लेम आहे.

तुमच्या बाबतीत मी पहिले दोन तास फक्त हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धा सोडून धरण्यावर, घालवले असते. सपाट, रिकामी जागा. इंजिन चालू, पहिला गिअर, उजवा पाय एक्सलेटरपासून लांब, जमिनीवर. रेस अजिबात द्यायची नाही. टाच टेकवून डाव्या पायाने क्लच इतका हळू सोडायचा की कंटाळा यावा. एका जागी इंजिनाचा आवाज बदलतो. नळाखाली कळशी भरत आली की जसा आवाज बदलतो, न बघताही कळतं, तसंच. त्याच क्षणी स्टिअरिंग किंचित थरथरतं आणि बॉनेट नखभर वर उचलल्यासारखं वाटतं. पाय तिथेच थांबवायचा. एक, दोन, तीन म्हणायचं. गाडी आपोआप सरकू लागते, मुंगीच्या चालीने. मग पुन्हा क्लच दाबा, ब्रेक, थांबा. असं चाळीस वेळा. मध्ये मी मुद्दाम सांगतो, आता पटकन सोडा, बंद पाडा. दहा वेळा बंद पाडा. बंद पडली की काय करायचं, क्लच, न्यूट्रल, चावी, पुन्हा पहिला, हे हाताला इतकं सवयीचं झालं पाहिजे की उद्या स्वारगेटच्या चौकात बंद पडली तर मागचा हॉर्न वाजवायला लागेपर्यंत तुम्ही निघालेल्या असाल. गाडी बंद पडण्याची लाज एकदा गेली की अर्धी भीती गेली. हे वाक्य मी रोज म्हणतो, आमची मंडळी चेष्टाही करतात.

ती जागा पायाला सापडली की चढ. तुमच्या घराजवळच तळजाईचा चढ आहे. पण सकाळी जाऊ नका, फिरायला येणाऱ्यांची जत्रा असते. दुपारी दोन-अडीचला जा. चढावर मध्ये थांबा, हँडब्रेक पूर्ण ओढा, दोन्ही पेडलवरून पाय काढून बघा, गाडी जागची हलणार नाही. ही खात्री डोळ्यांनी करून घ्या. मग क्लच दाबून पहिला गिअर, बॉनेट उचलेपर्यंत हाफ क्लच, थोडीशी रेस, आणि मगच हँडब्रेक खाली. गाडी एक इंचही मागे येत नाही. टेस्टच्या नियमांतही हे आहे, चढावर थांबून मागे न घसरता निघणं. पण तुम्हाला टेस्टसाठी नकोय. बहुतेक मोठ्या दवाखान्यांचं पार्किंग बेसमेंटमध्ये असतं आणि त्या रॅम्पवर पुढची गाडी हमखास थांबते. तो रॅम्प म्हणजे तळजाईच आहे, फक्त दोन्ही बाजूंना भिंती.

थांबण्याबद्दलही एक चुकीची सवय क्लासवाले लावतात, ती काढावी लागेल. "मॅडम, थांबायचं म्हटलं की क्लच-ब्रेक दोन्ही दाबा." का? गाडी बंद पडू नये म्हणून. पुन्हा तेच. खरी रीत अशी की आधी ब्रेक, आणि गाडी अगदी थांबायला आली, गुरगुरायला लागली, की मग क्लच. क्लच दाबला म्हणजे इंजिन आणि चाकं सुटी झाली. इंजिन जो गाडीला मागे धरून ठेवतं तो आधार गेला, सगळा भार ब्रेकवर. सपाट रस्त्यावर फरक कळत नाही. उतारावर कळतो. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार तुम्हाला माहीत आहे, तिथल्या कित्येक अपघातांत हेच पुढे आलंय: डिझेल वाचवायला ट्रक न्यूट्रल करून सोडला आणि ब्रेक तापून गेले. वॅगनआरचा क्लच दाबून उतरणं हा त्याचाच धाकटा भाऊ. उतार दिसला की गिअर खाली घ्या, ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं.

ब्रेक दाबायचा पण तळव्याने चुरायचा नाही. आधी हलका, मग जास्त, आणि थांबायच्या अगदी क्षणाआधी किंचित सैल. हा शेवटचा सैलपणा दिला तर मागे बसलेल्याचं डोकं पुढे जात नाही. डायलिसिसहून येणारा माणूस गळालेला असतो, त्यांच्यासाठी हे शिकाच. सराव कसा करायचा? डॅशबोर्डवर रिकामा स्टीलचा पेला उभा ठेवा. थांबताना तो पडता कामा नये. दोन दिवसांत जमतं, आणि घरातला पेला असल्यामुळे ईर्षाही चढते.

आता डावी बाजू. माझ्याकडे परत शिकायला येणारी दहापैकी आठ माणसं एकच वाक्य बोलतात, "डावीकडचं जजमेंट येत नाही." साहजिक आहे, बसतो आपण उजवीकडे, गाडी डावीकडे पसरलेली. यावर उपाय बोलण्याने होत नाही, तो बाटलीने होतो. मी पाण्याची रिकामी प्लॅस्टिकची बाटली मोकळ्या रस्त्यावर आडवी टाकतो आणि सांगतो, ही डाव्या पुढच्या चाकाखाली घ्या. पहिल्यांदा बाटली दोन फूट बाहेर राहते. दुसऱ्यांदा गाडीच्या पोटाखालून जाते. सहाव्या-सातव्या वेळेला "फटॅक" आवाज येतो आणि चेहऱ्यावर जो आनंद येतो तो टेस्ट पास झाल्यावरही येत नाही. मग मी गाडी तिथेच थांबवायला लावतो आणि विचारतो, आता बाटलीच्या सरळ रेषेत पुढे काय दिसतंय? सीटवरून बघितलं तर रस्त्याची ती रेष बॉनेटच्या साधारण मधोमध, वायपरच्या आसपास येते. प्रत्येकाच्या उंचीप्रमाणे चार बोटं इकडे-तिकडे. तुमची जागा सापडली की तिथे काचेच्या खालच्या कडेला चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावा. तो तुकडा आणि रस्त्याची पांढरी कड जुळली की तुमचं डावं चाक कडेवर आहे. महिनाभराने तुकडा काढून टाका, तोवर डोळ्यात बसलेला असतो.

हे क्लासच्या गाडीवर करून घरच्या गाडीवर चालत नाही, कारण सीटची उंची वेगळी, बॉनेट वेगळं. म्हणूनच निम्मे तास स्वतःच्या गाडीवर मागितले पाहिजेत. तुमच्या गाडीत मास्तरच्या पायाशी ब्रेक नसणार, त्यामुळे काही जण नाही म्हणतील. जो येईल त्याला तोपर्यंत तुमच्यावर भरवसा बसलेला असतो, हीच एक परीक्षा झाली.

सीटबद्दल दोन वाक्यं. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, आणि पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. उंची कमी वाटत असेल तर पाठीमागे उशी लावण्याआधी सीट वर-खाली होते का ते बघा, नाहीतर बुडाखाली घट्ट गादी घ्या, मऊ उशी नको. ओढणी असेल तर गाठ मारून मांडीवर. दारात अडकून रस्त्यावर लोळणाऱ्या ओढण्या मी रोज बघतो. जाड टाचांची चप्पल बाजूला काढा.

नवऱ्याचं म्हणाल तर मी त्यांच्या बाजूने बोलतो. डावीकडे बसलेल्या माणसाला धोका तुमच्या आधी दिसतो आणि त्याच्या पायाखाली ब्रेक नसतो. म्हणून तो तोंडाने ब्रेक मारतो. पाय जमिनीत रुतवून बसलेले असतात बिचारे, गुडघे दुखतात नंतर. आणि ज्याला वीस वर्षं गाडी येतेय त्याला आपण क्लच कसा सोडतो हे सांगता येत नाही, आपण श्वास कसा घेतो हे सांगता येत नाही तसंच. तेव्हा शिकवणं त्यांच्याकडे नको, सराव त्यांच्याकडे. क्लास संपल्यावर सरावाला त्यांना शेजारी बसवा, अट एकच. तीन शब्दांपलीकडे बोलायचं नाही: "हळू", "थांब", "डावीकडे". कारण, इतिहास, शेजारच्या वहिनींशी तुलना, सगळं घरी गेल्यावर. हँडब्रेकवर हात ठेवू द्या त्यांना. वेग वीसच्या खाली असेल तर बटण दाबून धरून हळूहळू ओढायला सांगा, गाडी थांबते. हातात काहीतरी असलं की ओरडणं निम्म्यावर येतं, हे मी खूप घरांत पाहिलंय.

क्लास कसा निवडायचा? जाहिरातीवर जाऊ नका आणि पहिला प्रश्न फीचा विचारू नका. ऑफिसात आरटीओचा परवाना भिंतीवर लावलेला असतो, फॉर्म अकरा म्हणतात त्याला, त्यावरची मुदत वाचा. गाडीवर क्लासचं नाव-पत्ता ठळक लिहिलेला असला पाहिजे. नुसतं "मोटार ड्रायव्हिंग" लिहून आणि नंबर टाकून फिरणाऱ्या गाड्या पण आहेत, त्यात बसू नका. काही झालं तर विमा, पोलिस, सगळंच अडकतं. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९चे, त्यात खाजगी गाडीच्या शिकवणीला किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष स्टिअरिंगवर १० तास असं लिहिलंय. आता "पंधरा दिवस, रोज अर्धा तास"चा हिशेब करा. साडेसात तास. त्यातून पुढच्या विद्यार्थ्याला घ्यायला जाण्यात, मागच्याला सोडण्यात दहा मिनिटं गेली की पाच तास उरतात. त्याच नियमांप्रमाणे क्लासने प्रत्येकाचे चालवलेले तास वहीत लिहायचे असतात. "माझे तास लिहिता ना?" असं सहज विचारा. प्रश्न ऐकून चेहऱ्यावर काय येतं, तेवढं बघा.

गाडीत मागे दोन जण बसवून फिरवतात का तेही विचारा. एकाचं बघून दुसरा शिकतो हे खरं असलं तरी तुमच्यासारखीला मागे दोन पोरं बसलेली असताना गाडी बंद पाडायची हिंमत होत नाही. आणि रोज तोच मास्तर हवा. आज हा, उद्या तो, असं झालं की प्रत्येक जण पहिल्यापासून सुरू करतो. बाई शिकवणारी हवी असेल तर स्पष्ट सांगा, आता बऱ्याच क्लासांत आहेत आणि माझ्या पाहण्यात त्या जास्त थांबून शिकवतात.

परगावचा कितीही चांगला शिकवणारा असला तरी तुमच्याच भागातला घ्या. त्याला कुठला रस्ता कितीला मोकळा असतो हे माहीत असतं, आणि शिकवणं म्हणजे अर्धं तेच आहे. मी तुम्हाला असं नेलं असतं: पहिले चार दिवस सकाळी साडेसहाला सहकारनगरच्याच गल्ल्या, दुसऱ्या गिअरच्या वर जायचं नाही. मग दुपारची तळजाई. मग पर्वती पायथा ते मित्रमंडळ चौक, अकराच्या सुमाराला, सिग्नल आणि डावी वळणं. नंतर सातारा रस्ता, जिथे बस अंगावर येते आणि आपण आपली लेन सोडायची नसते. शेवटी एखाद्या संध्याकाळी टिळक रस्ता, फक्त दुचाक्यांच्या गर्दीची सवय व्हावी म्हणून.

दुचाक्यांचं स्वतंत्र सांगतो, कारण पुण्यात चारचाकी शिकणं म्हणजे दुचाक्यांमध्ये राहायला शिकणं. त्या दोन्ही बाजूंनी येतात, डावीकडून जास्त. डावीकडे वळायच्या शंभर फूट आधीच गाडी डाव्या कडेला घ्या. मध्ये जागा ठेवली की त्यात दोन अॅक्टिव्हा शिरणारच. वळायच्या क्षणी आरसा, आणि आरशावर विसंबू नका, मान वळवून खांद्यामागे एक नजर. सिग्नल हिरवा झाला की समोरच्या दुचाक्या फुटतात तशी आपण उडी मारायची नाही, एक सेकंद थांबा. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर, एवढा तो सेकंद मोठा असतो. आणि कुणी मधे घुसलं तर घुसू द्या. मी विद्यार्थ्यांना म्हणतो, त्याला पुढे जाऊ दे, तो पुढच्या सिग्नलला आपल्या शेजारीच उभा असणार आहे. असतोच.

ऑटोमॅटिक का नको म्हणालो? वाईट आहे म्हणून नाही. नवी गाडी घ्यायचीच असती तर मी तुम्हाला ऑटोमॅटिकच घ्या म्हणालो असतो, आपल्याकडे त्याला वेगळं लायसन्सही लागत नाही. पण दारात चालती गाडी आहे आणि आईला आत्ताच न्यायचंय. शिवाय लोक समजतात तसं ऑटोमॅटिकमध्ये शिकायला काही नसतं असं नाही. क्लच गेला की डावा पाय रिकामा होतो आणि घाबरल्यावर तो ब्रेकवर जातो, किंवा उजवा पाय ब्रेक समजून एक्सलेटर दाबतो. सोसायटीच्या भिंतीत घुसलेल्या बऱ्याच गाड्या ऑटोमॅटिक असतात. स्वस्तातल्या काही एएमटी गाड्या, म्हणजे गिअरबॉक्स साधाच पण क्लच-गिअरचं काम मशीन करतं अशा, चढावर ब्रेक सोडला की मागेही येतात. उद्या घेतलीत तर एकच शिस्त: डावा पाय मागे ओढून ठेवायचा, दोन्ही पेडल फक्त उजव्या पायाची.

पार्किंगवर फार बोलत नाही, ते कुणीही शिकवतं आणि त्याची भीती उगाच मोठी झालीय. दोन जागा सोडून तिसऱ्या जागेत लावा, चार पावलं चाला.

आणि आता तुमचं वेळापत्रक. बाराव्या तासाला मास्तरला घेऊन घर ते दवाखाना, नेमक्या त्याच वारी, त्याच वेळेला जा. पोर्चमध्ये गाडी फुटपाथच्या कडेला एक फुटावर उभी करा, बेसमेंटचा रॅम्प उतरा, चढा, परत या. दुसऱ्या दिवशी मिस्टरांबरोबर तेच. तिसऱ्या वेळी एकट्या, फोन मागच्या सीटवर टाकून. रस्ता तोपर्यंत इतका पाठ झालेला असतो की डोकं मोकळं राहतं आणि सगळं लक्ष माणसांवर देता येतं. आईंना चौथ्या खेपेला बसवा. त्यांना मागे डाव्या बाजूला बसवा, आणि घरीच सांगून ठेवा की पोहोचल्यावर आपणहून दार उघडायचं नाही. डावीकडून दुचाकी येत असते. तुम्ही आरशात बघाल, मान वळवून बघाल आणि "उतर" म्हणाल, तेव्हाच त्या हँडलला हात लावतील.